कौलाखालचे खडे

थोरलीचं कौलारू घर दोन वर्षांत पाच ठिकाणी गळलं, आणि पाचही वेळा तिचा धाकटा भाऊच शिडी लावून वर चढला. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शाळांचे गणवेश शिवून थोरलीनं त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. त्याला छपरावर चढताना बघून तिला भरून यायचं.

तो ज्या जागी हात लावायचा तिथली गळती थांबायची. पण पुढच्या पावसात भलतीकडेच धार लागायची. एकदा तर नेमकी शिलाई मशीनवर. चाळीस सदऱ्यांचं बेतलेलं कापड चिंब झालं. धाकट्यानंच शेजारी बसून ते पिळलं, वाळत घातलं आणि हळूच विषय काढला, की या घराचा नाद सोड, आमच्याकडे राहायला ये. तिनं नेहमीसारखं हसण्यावारी नेलं.

यंदा पुन्हा मशीनवरच गळती लागली तेव्हा तो कामानिमित्त बाहेरगावी होता, म्हणून तिनं मिस्त्रीला बोलावलं. म्हातारा मोठा चोखंदळ. एकेक कौल उतरवून बोटानं वाजवून बघायचा. फुटकी जेमतेम नऊ निघाली, वासेही खणखणीत होते. दुपारी तो खाली उतरला आणि त्यानं ओट्यावर मूठभर खडे ठेवले.

"बाई, वर कोण चढत होतं?"

"माझा भाऊ. का?"

मिस्त्री घुटमळला. "कौल वाऱ्यानं सरकतं. पण ते परत जागेवर बसू नये म्हणून खाली खडा हातानंच ठेवावा लागतो."

थोरली त्याच्यावरच उखडली. तोंड सांभाळून बोला म्हणाली. मग पदर खोचून स्वतः शिडी चढली. एक जागा मिस्त्रीनं तशीच ठेवली होती. चांगलं धडधाकट कौल वीतभर वर सारलेलं, खाली खडा घट्ट बसवलेला, आणि फटीतून थेट तिची मशीन दिसत होती. ती बराच वेळ शिडीवरच उभी राहिली. खाली उतरावंसं वाटेना.

चार दिवसांनी धाकटा आला. तिनं खडे त्याच्यापुढे ठेवले. तो काही कबूल करेना, मग एकाएकी खाली बसला. आम्ही दोघं कामावर जातो, घरी पोरांकडे बघायला कुणी नाही, घर धड असेपर्यंत तू काही इथून हलणार नव्हतीस, असं काहीबाही सांगत राहिला.

"मला विचारलं होतंस का?" ती म्हणाली.

"किती वेळा म्हटलं, ये."

"माझं घर गळतंय, म्हणून ये म्हणालास. तुला माझी गरज आहे, असं एकदा तरी म्हणाला असतास, तर त्याच दिवशी निघाले असते."

तिनं त्याला चहा विचारला नाही. दार उघडं धरून उभी राहिली, तेव्हा त्याला उठावंच लागलं.

मिस्त्रीनं आठवडाभरात सगळं छप्पर नीट शाकारून दिलं. पुढे दोन दिवस पाऊस कोसळला, घरात टिपूस आला नाही. त्यातल्या दुसऱ्या दिवशी धाकटा छत्री घेऊन आला, बंद दाराबाहेरून विचारू लागला, "ताई, गळतंय का गं कुठे?"

"नाही," ती आतून म्हणाली, आणि मशीन चालू केली.