मिरची लावलेला आंबा

आमची नगरपालिका सीमेवरच्या नदीवर दुसरा पूल बांधणार होती; पलीकडे मेक्सिको. पैसा रोख्यांतून उभा करायचा आणि जुन्या पुलाच्या टोलमधून फेडायचा. बाबांनी निवृत्तीसाठी साठवलेलं सगळं त्या रोख्यांत घालायचं ठरवलं होतं. अर्धं आयुष्य ते पुलाच्या टोल खिडकीत बसले होते. या पुलावर त्यांचा बँकेपेक्षा जास्त विश्वास.

रोखे विकण्याआधी, टोलमधून कर्ज फिटेल का हे बघायला, मेक्सिकोकडे जाणाऱ्या गाड्या यंत्राने नंबरासकट मोजल्या जात होत्या. मी नगरपालिकेतच कामाला; ते आकडे माझ्याकडे येत. तोच ट्रक पुन्हा दिसला तर आमच्याकडे कुणी चमकत नाही. माल पलीकडे सोडून परत यायचं, हाच त्यांचा धंदा. पण परतीच्या तपासणीची रांग दुपारभर हलत नाही, आणि एलेउतेरिओंचा ट्रक अर्ध्या तासात पुन्हा टोलवर हजर. खिडकीच्या पुढे, नदीच्या अलीकडे, चुकून आलेल्यांसाठी मागे वळायची वाट आहे.

एलेउतेरिओ माझे बाप्तिस्म्याचे धर्मपिता, म्हणून ते आणि बाबा एकमेकांना 'कोंपादरे' म्हणतात. नव्या पुलाला लागणारी जमीनही त्यांचीच; रोखे खपले तरच ती विकली जाणार.

बाबांना सांगितलं तर ते हसले.

"तुझ्या यंत्राला उचकी लागली असेल, नेरे पोरी."

"यंत्र तपासलंय. तुमचे कोंपादरे तुम्हाला अजून आंबा आणतात का?"

परतीच्या रांगेत फेरीवाले मिरची-लिंबू लावलेला आंबा पेल्यात भरून विकतात. पुढच्या फेरीला तो पेला खिडकीत ठेवल्याशिवाय एलेउतेरिओ टोल देत नसत. बाबांनी रेडिओचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या मागे उभी होते. एलेउतेरिओ आले तेव्हा बाबांनी सहज विचारलं, हल्ली आंबा का नाही? ते ओशाळले, पुढच्या फेरीला नक्की, म्हणाले. आणि अर्ध्या तासात पेला घेऊन आले.

बाबांनी तो हातात धरला.

"गार आहे."

"मग? चांगलंच की."

"रांगेतला आंबा ऊन खाऊन येतो, कोंपादरे. हा फ्रिजमधला आहे."

एलेउतेरिओंनी पैसे पुढे केले. बाबांनी टोल घेतला, पावती दिली, दांडा वर केला आणि खिडकीतून वाकून बघत राहिले. ट्रक मागे वळायच्या वाटेपाशी मंदावला, थबकला, मग सरळ पलीकडे गेला.

"तुझे आकडे नगरपालिकेतल्या साहेबांना दाखव," बाबा म्हणाले. "आंब्याचंही सांग. माझं नाव घेऊन."

पेला तसाच खिडकीत राहिला.