बोर-अशूचा वरचा रस्ता

१४ जानेवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. बोर-अशू घाटाच्या चौकीमागे वाळूचे सहा ढीग शिल्लक होते आणि शेरगाझी त्यांतल्या एकाचे गोठलेले कवच पहारीने फोडत होता. पारा उणे एकोणीसवर होता. एवढ्या थंडीत मीठ नुसते पडून राहते, बर्फाला काही करत नाही. चाकांना पकड हवी असेल तर वाळूच टाकावी लागते. वारा वरच्या उतारावरून बर्फ उचलून रस्त्यावर आणून ठेवत होता. परवापासून घाट बंद होता. मोबाइलचा मनोराही बर्फाने जखडला होता.

तासाभरापूर्वी खालच्या कचेरीतून वायरलेसवर निरोप आला होता : एक जीप वर येते आहे, अडवू नकोस. कोणाची, कशासाठी, असे त्याने विचारेपर्यंत पलीकडच्या माणसाने संच बंद केला होता.

जीप आडकाठीपाशी येऊन थांबली तेव्हा त्याने पहार ढिगात रोवली.

"घाट बंद आहे!" तो लांबूनच ओरडला. "आडकाठी दिसत नाही, की तीही मीच येऊन दाखवू?"

"ओरडू नकोस रे लेका. माझ्या कानांत बर्फ गेलाय, पण बहिरा नाही झालो अजून." पुढच्या दारातून असनकोजोबाबा उतरले. कारा-बुलुन गावातले सर्वांत वयस्कर गृहस्थ. शेरगाझीचे घरही त्याच गावात होते. जीप चालवत होता कादिरकुल, शेरगाझीच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"अरे वा, मेहुणे!" शेरगाझीने वाकून चाकांच्या साखळ्या हलवून पाहिल्या. "आज सुलट्या बांधल्यास? मागच्या खेपेला उलट्या बांधून अर्ध्या वाटेत माझ्या नावाने बोंबलत होतास."

"बांधल्या, दाजी," कादिरकुल म्हणाला.

एवढ्यात मागच्या आसनावरून इस्माइल मौलवी उतरले, आणि शेरगाझीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. मौलवीला बरोबर घेऊन गावचा वडीलधारा माणूस असल्या हवेत निघतो तो एकाच कामासाठी. कोणाचे तरी जवळचे माणूस गेलेले असते आणि ज्याचे गेले त्याला ते ठाऊक नसते. अशी बातमी फोनवर देत नाहीत, वाटेत उभ्या उभ्या देत नाहीत. मोठी माणसे घरी जातात, त्याला आपल्यामध्ये बसवतात, आणि मग सांगतात. त्याआधी नाव घ्यायचे नसते. इतरांनी ते विचारायचेही नसते. म्हणून त्याने विचारले नाही. त्याने टोपी नीट केली आणि दोघांचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले.

"पलीकडच्या खोऱ्यात फार लांब जायचंय?" एवढेच तो म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिले. "आधी आत चल. चहा टाक. घटकाभर आमच्याजवळ बस."

"बसायला वेळ कुठे आहे, बाबा? दुपारनंतर वारा वाढणार. उद्या दफन असेल, त्या माणसाला पोचायला नको? चहा शेगडीवर आहे, नान कपड्यात गुंडाळलेला आहे. तुम्ही खाऊन घ्या. मी वरचा रस्ता काढतो."

"रस्ता राहू दे, शेरगाझी. बस म्हणतो ना."

"तुम्ही माझी काळजी करता हा तुमचा मोठेपणा. पण इथे बसून राहायचा पगार मिळत नाही मला."

तो बर्फ लोटायच्या ग्रेडरकडे वळलाही होता. मौलवींनी बाबांकडे पाहिले. बाबांचे ओठ हलले. पण वाऱ्यात, बर्फात उभ्या माणसाच्या पाठीवर ती गोष्ट फेकणे त्यांच्याने होईना. कादिरकुल मात्र धावत सुटला.

"दाजी!"

"काय रे?"

कादिरकुल धापा टाकत जवळ आला. मग त्याने आपले लोकरी हातमोजे काढून पुढे केले. "हे घ्या. तुमचे ओले झालेत."

"बहिणीने विणलेत ना तुला? मला म्हणते, लोकर संपली!" शेरगाझी हसत केबिनमध्ये चढला.

चौकीपासून माथ्यापर्यंत साडेचार किलोमीटर. त्याने पाते तिरके लावले, बर्फ दरीच्या बाजूला लोटत पहिला फेरा काढला, दुसऱ्या फेऱ्यात कडेची भिंत छाटली. तिसऱ्या वळणावर वरचा उतार फुगलेला होता. तिथे इंजिन मंद ठेवून, डोळा वर लावून तो पुढे सरकला. पलीकडे कोणत्या तरी घरात कोणी तरी आता चहात नान बुडवून खात असेल, हे त्याच्या मनातून जाईना. त्या माणसाची सकाळ अजून शाबूत होती. गावकरी पोचेपर्यंत ती तशीच राहणार होती.

माथा जवळ आला तसा त्याने वेग कमी केला. शेवटचे वळण एका फेऱ्यात निघण्यासारखे होते. त्याने तीन फेरे घेतले. कोणाला तरी अर्धा तास जास्त मिळाला, तर त्यात रस्त्याचे काय बिघडते?

तो परतला तेव्हा साडेबारा होत आले होते. आडकाठी अजून खालीच होती. जीपचे तोंड मात्र फिरवलेले होते : गावाकडे.

शेरगाझी केबिनमध्येच बसून राहिला. इंजिन चालू होते. मग त्याने ते बंद केले.

चौकीत तिघे भिंतीशी ओळीने बसले होते. नानला कोणी हात लावलेला नव्हता. बाबा आणि मौलवी यांच्यामध्ये एक जागा मोकळी होती. शेरगाझीने हातमोजे काढले, ते कुठे ठेवावेत हे न सुचून पुन्हा घातले, आणि त्या जागेवर जाऊन बसला.

"जन्मलेल्या प्रत्येकाला..." बाबांनी सुरुवात केली.

कादिरकुल ओक्साबोक्शी रडू लागला. शेरगाझीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबांचे बोलणे त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले. बुर्माकानचे, त्याच्या बायकोचे, नाव आले तेव्हा मान हलवली, जणू ते त्याला आधीच कोणी सांगितले होते.

"कधी?"

"काल संध्याकाळी. चूल पेटवता पेटवता बसली, ती उठली नाही."

बऱ्याच वेळाने बाबांनी त्याला दंडाला धरून उठवले. "चल. आम्ही नेतो तुला. एकट्याने जायचं नसतं."

शेरगाझीने दार उघडले. जीपच्या चाकांच्या खुणा आडकाठीपासून दहा पावलांवर संपत होत्या. पुढे रस्ता आणि दरी एकाच पातळीला आली होती.

"खालचा रस्ता बर्फाखाली गेला, बाबा," तो म्हणाला. "मी वर होतो तेवढ्यात. जीप इथून हलायची नाही."

"मग?"

"मी पुढे निघतो. तुम्ही मागून या. जवळ येऊ नका. मी थांबलो तर थांबा."

ग्रेडरच्या केबिनमध्ये एकच आसन असते. अकरा किलोमीटर तिघांना मागून फक्त त्याचे लाल दिवे दिसत राहिले. गावाच्या वेशीशी माणूस मोठ्याने आक्रोश करत येतो, तशी रीत आहे. त्याने तो केला की नाही, हे इंजिनाच्या आवाजात कोणाला कळले नाही. पाते मात्र एकदाही उचलले गेले नाही.

त्या दिवशी वरच्या रस्त्याने पलीकडे गेलेली वाहने : शून्य. खालच्या रस्त्याने गावाकडे : दोन.