आजारी वावरातले नांगे

कलकत्त्याहून पेपराची प्रुफं आली तेव्हा शकुन खासबागेनं पहिलं काय केलं असेल, तर स्वतःचं नाव वाचलं. मग परत वाचलं. आता यात हसण्यासारखं काही नाही हं! उन्हातान्हात वाकून पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, झाडं मोजायची, सूक्ष्मदर्शकात डोळे घालून रंगसूत्रं काढायची, आणि छापून आलं की वर नाव एकट्या खुशालराव साहेबांचं. असं दोनदा झालं, की तिसऱ्यांदा कोणीही आधी नावच बघणार. या वेळी साहेबांचं नाव दुसरं होतं. पहिलं तिचं होतं.

युद्धाच्या दिवसांतली ही गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, सरकार नागपूरला बसायचं, आणि अकोल्याबाहेर कापसावर संशोधन करणारं एक लहानसं केंद्र होतं. त्यात शकुन ही एकटी बाई. अमरावतीला राजापेठेच्या पलीकडे तिच्या बापाचा, किसनरावांचा, मळा होता. वांगी, मेथी, शेवंती. माळ्याची पोरगी नागपूरला जाऊन वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. झाली, तेव्हा निम्म्या लोकांनी कौतुक केलं आणि उरलेल्यांनी लग्न कधी करता म्हणून विचारलं. नोकरी लागली, पण कच्ची. खुशालराव साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख, त्यांनी सरळच सांगून टाकलं होतं, "तुमच्या नावाचा एक पेपर छापून येऊ द्या, मग पक्क्या जागेसाठी मी वर शब्द टाकतो." पोरगी परगावी एकटी कशी राहील म्हणून तिची माय माणिकबाई अकोल्याच्या क्वार्टरात येऊन राहिली होती.

शकुनचं काम मर रोगावर होतं. जमिनीतली एक बुरशी मुळातून शिरते आणि चांगलं हिरवंगार झाड पाहता पाहता मान टाकतं. या रोगाला कोणतं वाण पुरून उरतं ते बघायचं, तर रोगी जमीनच पाहिजे. म्हणून केंद्रातला एक तुकडा मुद्दाम आजारी ठेवला होता. मेलेल्या पऱ्हाट्या दरवर्षी त्यातच गाडायच्या, पीक बदलायचं नाही. मजूर त्याला मरीचं वावर म्हणत आणि शक्यतो तिकडून जातच नसत. त्या वावरात शकुननं निवडलेलं चौदा नंबरचं वाण पेरलं होतं. हंगाम संपता संपता बाजूच्या वाणांचे तास, म्हणजे ओळी, उजाड झाले, आणि चौदा नंबर मात्र भरल्या घरासारखा उभा राहिला. पेपरात हेच होतं. येत्या मृगाला हे बी मरीच्या जमिनीवाल्यांना वाटायचं, असंही ठरत आलं होतं.

प्रुफं घेऊन ती चुलीपाशी गेली. "माय, हे पाह्य. माहं नाव."

माणिकबाईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले. "कोनतं?"

"हे."

"एवढूसंच?"

"एवढूसंच. पन पह्यलं हाये ना!"

"अन् लिवलं काय त्याच्यात?"

"का बाकीची पऱ्हाटी मेली, अन् आपली चौदा नंबरची नाई मेली."

माणिकबाई खुदकन हसली आणि भाकरी उलटत म्हणाली, "मरन कशी? एकूनएक नांगा भरला म्या."

शकुनला आधी कळलंच नाही. "काय भरलं?"

"नांगे व! तू नागपूरले गेलती, तवा तुह्या तासाची दशा पाह्याची होती. बुढ्याच्या तोंडासारखं, इथं एक दात, तिथं एक दात. लोकं काय म्हनतीन, माळ्याची पोरगी अन् असं वावर? मले नाई सोसलं. पळसाच्या पानाचे द्रोण केले, मागच्या आंगनातली माती अन् खत घातलं, तुह्याच डब्यातली सरकी टोबली. झाड मेलं का काढून फेकलं अन् तिथं एक द्रोण ठेवला. कोनाले पत्ता बी नाई."

"अन् बाजूच्या तासात?"

"ते काहून भरू? ते काय आपले होते?"

घ्या! आता या बाईला बोलायचं तरी काय? माळ्याच्या घरात नांगा म्हणजे, ओळीतलं झाड मरून पडलेली ती रिकामी जागा म्हणजे, घराण्याची लाज. किसनरावांच्या मळ्यात पाहुणे यायचे असले की आधी वाफ्यातले नांगे भरले जात, मग घर सारवलं जाई. नवी सून आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात रोपाची टोपली. शकुन स्वतः परकर सावरत वांग्याचे नांगे भरत लहानाची मोठी झाली होती. मायनं जे केलं ते हातानं आपोआप केलं. त्यात लपवाछपवी नव्हती, उलट लेकीला सांगायचं राहून गेलं इतकंच. आणि खरा राग तर शकुनला स्वतःचाच आला. श्रावणात रंगसूत्रांच्या कामासाठी ती नागपूरला गेली होती. तेव्हा मधली मोजणी घ्यायला हवी होती. उगवण मोजली आहे, शेवटी किती उरतात ते मोजू, बस झालं, असं म्हणून तिनं ती टाळली होती. पहिल्या आकड्याला शेवटचा आकडा जवळजवळ जुळला आणि ती हरखून गेली.

तरीही वाटलं, माय वाढवून सांगत असेल. दोन-चार झाडं लावली असतील. सकाळी तिनं मुकादम सूर्यभानला हाक मारली, लोखंडी चिमटा आणवला आणि चौदा नंबरच्या वेचून झालेल्या पऱ्हाट्या उपटायला सांगितल्या. जागच्या जागी उगवलेल्या झाडाचं सोटमूळ सरळ खाली उतरतं. द्रोणात वाढलेल्याचं तळाशी वेटोळं होतं, आणि ते कधी सरळ होत नाही. सूर्यभान उपटत गेला, शकुन मुळं बघत गेली. वेटोळं, वेटोळं, सरळ, वेटोळं. निम्म्याहून जास्त वेटोळी निघाली. सूर्यभान काही विचारू लागला तर ती "पुरे आता" म्हणाली आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसली. तिला रडू आलं. सगळ्या केंद्रात एकटी बाई, म्हणून इथे कधी रडायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं. ते मोडलं म्हणून आणखीच संताप आला.

घरी येऊन ती मायवर कडाडली. "माय, मले मेलेलं झाड मोजाचं होतं!"

"मेलेलं मोजून काय करतं व? मेलं ते मेलं."

"कोनतं मेलं अन् किती मेले, हेच त माहं काम हाये! जिवंत झाडं मोजाले मी काहून पाह्यजे?"

माणिकबाई हळूच म्हणाली, "मंग आता?"

"आता कलकत्त्याले कळवाचं, का छापू नका."

"अन् तुही पक्की जागा?"

माणिकबाईनं डोळ्याला पदर लावला. "मी अकोल्याले नसती आली त बरं होतं."

त्या क्षणी शकुनलाही तसंच वाटलं, आणि वाटल्याचं वाईटही वाटलं. पण समजूत घालायला ती थांबली नाही. चपला घालून तडक साहेबांकडे गेली.

खुशालराव साहेब माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "शकुनबाई, काही झाडं तर खरंच जगली ना? आकडा थोडा खाली आणू. खाली एक तळटीप टाकू. झालं."

"किती खाली आणायचा, साहेब? लावलेलीही मेली असतील आणि त्यांच्या जागी पुन्हा लावली असतील. मेली किती ते कोणी मोजलेलंच नाही. आणि तळटीप पेरायला कोणी नेत नाही, बी नेतात. त्या बियाची पऱ्हाटी भर पोळ्याला मान टाकील, तेव्हा काय सांगायचं?"

"अहो, छपाईपर्यंत आलेला पेपर परत घेतात का कधी? माझंही नाव आहे त्यावर."

"म्हणूनच आधी तुम्हाला सांगायला आले."

साहेबांचा आवाज चढला. "सूर्यभानचंच काम असेल हे. आजच काढून टाकतो त्याला."

"सूर्यभानचा काही संबंध नाही. मधली मोजणी मी घेतली नाही. दोष माझा."

"मग भरले कोणी?"

"ते माहीत नाही," शकुन म्हणाली, आणि टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे बघत राहिली.

साहेब म्हणाले, "पक्क्या जागेचं विसरा मग."

"बरं."

"पुढच्या हंगामापुरती ठेवतो. तेही अशासाठी की त्या मरीच्या वावरात पाय घालायला दुसरं कोणी तयार नाही."

"तेवढं पुष्कळ झालं, साहेब. फक्त बी वाटू नका."

पेपर परत आला. अमरावतीला चार लोकांनी विचारलं, छापून येणार होतं त्याचं काय झालं? शकुननं सांगितलं, चुकलं होतं, पुन्हा करून राहिली. विचारणाऱ्याला पुढे बोलायला जागाच उरायची नाही.

मृग लागला आणि तिनं त्याच वावरात, तेच वाण, पुन्हा पेरलं. या वेळी प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला बांधला. दर आठवड्याला मोजणी, चिखल असो की ताप असो. मेलेलं झाड तिथेच चिरून बघायचं, आतून मरीची तपकिरी रेघ आहे का, आणि बिल्ला होता तिथेच काठीला अडकवून ठेवायचा. नागपूरचं बोलावणं आलं तर तिनं चक्क नाही म्हणून कळवलं. साहेब म्हणाले, "फार ताठा बरा नाही." ती म्हणाली, "ताठा नाही, साहेब, मोजणी आहे."

आणि माणिकबाई? ती रोज वावराच्या धुऱ्यावर येऊन बसू लागली. मजूर बायांपैकी कोणी टोपलं घेऊन मरीच्या वावराकडे नुसतं वळलं तरी ओरडायची, "ए बाई, तिकडं नाई जायाचं! माह्या पोरीची मेलेली झाडं हायेत तिथं!" बाया तोंडाला पदर लावून हसत. पण हे बसणं तिला फार जड गेलं. भादव्यात चौदा नंबरच्या तासात नांगे पडायला लागले, आज इथे, उद्या तिथे, तशी ती दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसायची. एकदा तर तिनं शकुनला विनवलंच, "एकच भरू दे व. त्या टोकाचा. रस्त्यावरून दिसते." शकुन म्हणाली, "नाई." माणिकबाई तणतणत घरी गेली आणि मागच्या अंगणातलं सगळं गवत उपटून काढलं.

चौदा नंबर मेला. बाजूच्या वाणांइतका नाही, पण मेलाच. दिवाळीपर्यंत त्या तासात तुरळक झाडं उरली. शकुनला दुःख झालं, खोटं कशाला सांगा. ते वाण तिनं स्वतः निवडलं होतं. पण ही उरलेली झाडं खरी होती. रोग पिऊन उभी होती. त्यांची सरकी तिनं वेगळी बांधून ठेवली आणि नवा पेपर लिहायला बसली. पेपराचा निकाल असा, की हे वाण मरीला टिकत नाही, वाटू नये. टिकलेल्या झाडांच्या बियावर पुढे काम करावं. साहेबांनी वाचला. "याच्यावर पक्की जागा नाही मिळायची," म्हणाले, "पण पाठवा. माझं नाव काढा, तुमचं एकटीचं राहू द्या." यात रुसवा किती आणि मोठेपणा किती, ते शकुनला शेवटपर्यंत कळलं नाही. कच्च्या नोकरीला मात्र आणखी एक हंगाम मिळाला.

पाठवण्याच्या आदल्या दुपारी ती क्वार्टराच्या ओसरीवर पक्की प्रत करत होती. माणिकबाई शेजारी तूर निवडत बसली होती. "वाच मले," ती म्हणाली, "आपल्या भाषेत वाच."

शकुन वाचत गेली. जमीन कशी, बिल्ले कसे, मोजणी कशी. मग आलं, "आधीच्या हंगामातले आकडे धरू नयेत, कारण एका अज्ञात व्यक्तीनं ओळीतले नांगे भरले होते."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हंजे कोन ते मालूम नाई."

माणिकबाईनं सूप खाली ठेवलं. "कोन ते मालूम नाई? अन् मी कोन हाये इथं बसलेली?"

"माय, हे सगळ्या हिंदुस्थानात जाते. तुहं नाव कशाले त्याच्यात?"

"मंग काय त्या सूर्यभानच्या माथी मारतं? वाचनारा त्याचंच नाव घेईन ना! पूरा साल मले धुऱ्यावर बसवलं. मेलं त्याले मेलं म्हन, हात नको लावू, झाकू नको. मी बसली ना? जीव तुटला तरी बसली. अन् आता तू काहून नांगा भरते व?"

तुरीचा एक दाणा ओसरीवर घरंगळला, तो माणिकबाईनं उचलून सुपात टाकला.

"लोकं हसतीन, माय."

"हासू दे. म्या केलं ना?"

शकुननं ती ओळ खोडली. नवी ओळ लिहायला तिनं टाक पानाच्या अगदी तळाशी नेला, तळटिपेच्या जागी.

"तिथं काहून?" माणिकबाई म्हणाली. "जिथं चूक झाली तिथं लिव. मधात."

शकुननं टाक वर आणला आणि मजकुराच्या मधोमध लिहिलं, की नांगे माझी आई माणिकबाई किसनराव खासबागे हिनं भरले होते, आणि मधली मोजणी मी घेतली नव्हती.