पितांबरचा नकार

पितांबर भंगाळे आजारी आहे हे त्याच्या घरात कळायला तीन महिने लागले. यात घरच्यांचा फारसा दोष नव्हता. माणूस मुळातच थांबणारा. सावद्यात काळेपांढरे टीव्ही आले तेव्हा रंगीत येणार म्हणून तो थांबला. रंगीत आले तेव्हा रिमोटवाले येणार म्हणून थांबला. शेवटी त्याच्या घरी टीव्ही आला, तोवर शेजाऱ्यांचा बिघडून दुरुस्तही होऊन आला होता. ठिबकचं तेच, केळीच्या टिश्यूकल्चर रोपांचं तेच. त्यामुळे शहाण्णवच्या दिवाळीनंतर तो मळ्यात जाईनासा झाला, दाढी करीनासा झाला आणि विचारेल त्याला 'पाहू' एवढंच म्हणू लागला, तेव्हा कोणालाच त्यात वेगळं काही दिसलं नाही. बायकोलाही नाही. नवीन काहीतरी येणार असेल आणि हे थांबले असतील, असं पुष्पाबाई धरून चालली.

तिला शंका आली ती केळीच्या कापणीला. व्यापाऱ्याचे मजूर घड कापून काट्यावर आणायचे तेव्हा पितांबर काट्याला चिकटून उभा राहायचा, ही बावीस वर्षांची रीत होती. सख्ख्या भावालाही तो तिथे उभा करत नसे. त्या दिवशी तो खाटेवरून उठला नाही. धाकट्या भावाला, चुडामणला म्हणाला, तू जाय, ते सांगतील ते लिहून घे. पुष्पाबाई चुलीपाशी होती. तिने हातातली भाकरी परातीत ठेवली आणि चुडामणला ओसरीवर बोलावून सांगितलं की भाऊला डॉक्टरकडे न्यायचं.

डोक्याचे डॉक्टर जळगावलाही होते. पण जळगावला अर्धा सावदा कोर्टाच्या नाहीतर बाजाराच्या कामाने रोज असतो. तिथे जाणं म्हणजे स्टँडवर पाटी लावणं. धुळ्याला सावद्याचं माणूस सहसा जात नाही. म्हणून धुळं ठरलं. गावात चुडामणने भाऊच्या मणक्यात गॅप असल्याचं सांगितलं. त्याचा परिणाम म्हणून पुढच्या महिन्याभरात घरात तेलाच्या पाच बाटल्या आल्या आणि एक जण पाठीवर पाय द्यायला येऊन गेला.

धुळ्याच्या डॉ. अमृतकरांनी पितांबरला तपासलं, पुष्पाबाईला बरंच विचारलं आणि सांगितलं की हे डिप्रेशन आहे. आळस नाही, बाहेरचंही नाही. गोळ्या दिल्या. गोळ्या पितांबरने मुकाट घेतल्या. महाशिवरात्र झाली तरी फरक पडला नाही. भाकरी अर्धीवर आली, मग चतकोरावर. एका सकाळी चुडामणला तो मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेला सापडला. काय करतोस विचारल्यावर म्हणाला, पाणी पाहतो. चुडामणने त्याला हाताला धरून आणलं आणि ही गोष्ट पुष्पाबाईला सांगताना तो तिच्याकडे न बघता खुंटीवरच्या टोपीकडे बघत होता.

पुन्हा धुळं. या वेळी डॉक्टरांनी विजेचे उपचार सुचवले. इंजेक्शनने झोपवायचं, डोक्याला काही क्षण थोडा करंट द्यायचा, एक दिवसाआड, असे सहा ते आठ. लोक याला शॉक म्हणतात आणि घाबरतात, पण अशा अवस्थेत याच्याइतकं लवकर काही काम करत नाही, असं ते म्हणाले.

महिनाभर पूर्ण वाक्य न बोललेल्या पितांबरने खिशात हात घातला. नवीन निघालेल्या वस्तूंच्या बातम्या कापून ठेवायची त्याला सवय होती. त्याने एक कात्रण टेबलावर ठेवलं. रविवारच्या पुरवणीतलं होतं. परदेशात काही डॉक्टर रोग्याच्या डोक्यावर चुंबकाची चकती धरून उदासीचा आजार बरा करू पाहताहेत. झोपवायचं नाही, वायरी लावायच्या नाहीत. रोगी खुर्चीत जागा बसलेला असतो. मशीन टकटक वाजतं, आणि चकती नेमकी जागेवर आली की रोग्याचा अंगठा आपोआप हलतो.

"हे येऊ द्या," पितांबर म्हणाला. "मंग घेऊ."

डॉक्टरांनी कात्रण दोनदा वाचलं. बातमी खोटी नाही, ते म्हणाले, तिकडे प्रयोग चाललेत, मीही मासिकात फोटो पाहिलाय. पण इकडे यायला दहा वर्षं लागतील, पंधरा लागतील. कदाचित त्यातून काही निघणारही नाही.

"चालंल," असं म्हणून पितांबरने कात्रणाची घडी घातली. पंधरा वर्षांची मुदत त्याला अवाजवी वाटली नव्हती.

त्याला बाहेर बसवून डॉक्टर पुष्पाबाईशी बोलले. पंधरा वर्षं सोडा, पंधरा दिवसही यांच्याजवळ आहेत असं मी म्हणणार नाही. माणूस या अवस्थेत असला की जवळच्या नातेवाइकाची सही चालते. पण त्यांनी स्पष्ट नाही म्हटलंय, हेही तुमच्या कानावर घालतो. उद्या विचारतील तेव्हा उत्तर तुम्हाला द्यायचंय. पुष्पाबाईने दोन दिवस मागितले. बावीस वर्षांत तिने नवऱ्याचा शब्द फक्त भाजीतल्या मिठाबाबत मोडला होता.

परतीच्या वाटेवर चुडामणला उपाय सुचला. भाऊला चुंबकच पाहिजे ना? फैजपूरला कौतिकनाना चुंबकाचे इलाज करतात. गुडघेदुखीवर पट्टा देतात, पोटावर चुंबकाचं पाणी देतात. त्यांनाच आणू आणि सांगू की मशीन आलं. कौतिकनाना मोठा सज्जन माणूस. आपल्याकडून रोग्याला अपाय झालेला नाही, असं ते स्वतःच सांगत, आणि ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन आले. चामड्याच्या पट्ट्यात शिवलेले दोन काळे चुंबक त्यांनी पितांबरच्या कपाळावर बांधले, एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा, आणि खाटेचं तोंड फिरवून घेतलं. चुडामण म्हणाला, "भाऊ, हे पाह्य, मुंबईहून मागोलं."

पितांबर बराच वेळ पडून राहिला. मग त्याने विचारलं, "नाना, हे वाजत काहून नही?"

"वाजत नसतं हे," कौतिकनाना म्हणाले.

"टकटक?"

"नही बा."

पितांबरने उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा स्वस्थ होता. "मंग हे ते नही," तो म्हणाला, आणि पट्ट्यासकट भिंतीकडे वळला.

कौतिकनानांनी चहा घेतला, पट्टा सोडवून पिशवीत ठेवला आणि जाताना पुष्पाबाईला सांगितलं की रोगी लय हुशार हाये, त्याले लवकर मोठ्या दवाखान्यात घाल. त्या संध्याकाळपासून पितांबरने पाणीही सोडलं. सकाळी भाड्याची जीप आली. त्याला उचलून बसवावं लागलं. त्याने विरोध केला नाही. विरोधालाही काहीतरी शिल्लक लागतं. धुळ्याला डॉक्टरांनी कागद पुढे केला. पुष्पाबाई चौथी शिकलेली होती. तिने नाव सावकाश, पूर्ण लिहिलं.

चौथ्या शॉकनंतरच्या दुपारी पितांबर उठून बसला, दवाखान्यातला चहा प्यायला आणि म्हणाला की हा चहा नसून भांडी धुतल्याचं पाणी आहे. पुष्पाबाई व्हरांड्यात गेली आणि गजाला धरून बराच वेळ उभी राहिली. पाचव्यानंतर त्याने केळीचा भाव विचारला. सहाव्यानंतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली, तेव्हा डॉक्टरांनी चार दिवस घरी जायची परवानगी दिली. आणखी दोन घ्यायचे आहेत, ते चुकवू नका, नाहीतर पुन्हा घसरतील, असं बजावलं. मधलं काही आठवणार नाही, हेही सांगितलं. तसंच झालं. शिवरात्रीनंतरचं पितांबरजवळ काहीच नव्हतं. विहीर नव्हती, कौतिकनाना नव्हते, दवाखान्याचा कागद नव्हता. पत्रातली ओळ खोडावी तसे ते दिवस गेले होते. कात्रण त्याआधीचं, ते तेवढं डोक्यात राहिलं होतं.

आखाजीला लेक प्रमिला सासरहून आली. निंबाला झोका बांधला. पितांबरने आमरसाबरोबर तीन मांडे खाल्ले आणि हात धुता धुता म्हणाला, "आलं म्हणायचं ते मशीन. मी सांगतच असतो, थांबा म्हणून. अंगठा हालला का माह्या?"

कोणी काही बोलायच्या आत चुडामण म्हणाला, "हालला न भाऊ. चांगला हालला."

दुपारी गोठ्याच्या सावलीत चुडामणने वहिनीला नीट समजावलं. दोन राहिलेत. भाऊ खुशीने येईल, घेईल, बरा होईल. सांगितलं तर नाही म्हणेल, आणि आता त्याचं डोकं ठिकाणावर आहे. आता तो नाही म्हणाला की डॉक्टरपण हात लावणार नाहीत. मग पुन्हा विहीर. यात खोटं ते काय? चुंबक काय अन् करंट काय, दोन्ही डोक्यालाच.

पुष्पाबाईला त्याच्या बोलण्यात चूक काढता येईना. ती भांडी घासत राहिली. पण एक गोष्ट तिला सोडेना. त्या सगळ्या दिवसांत या माणसाने एकच गोष्ट, तो नकार, ठामपणे सांगितली होती. ती एकच त्याची स्वतःची होती, बाकी सगळा आजार होता. का तीही आजारच होती, हे तिला ठरवता येत नव्हतं. काही असलं तरी आता ती त्याच्याजवळ नव्हती. तिच्याकडे होती. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून मांडे वाढावेत तसं तिला होत होतं.

संध्याकाळी प्रमिला झोक्यावर होती तेव्हा ती ओसरीवर नवऱ्यासमोर येऊन बसली.

"मशीन नही आलं," ती म्हणाली. "तुमले शॉक देले. सहा."

पितांबर सुपारी कातरत होता. तो थांबला.

"मले इचारलं नही?"

"इचारलं. तुम्ही नही म्हणले."

"मंग?"

"मंग म्या सही केली."

"मी नही म्हणलो, ते तुले आयकू आलं होतं?"

"आलं होतं."

"काय म्हणलो मी? नेमकं सांग."

तिने नेमकं सांगितलं. हे येऊ द्या, मंग घेऊ. डॉक्टर म्हणे पंधरा वर्षं, तुम्ही म्हणले चालंल. पितांबरने मान हलवली. ओळखीचा माणूस लांबून दिसावा तशी. "मीच," तो म्हणाला. मग तिने विहिरीचंही सांगितलं. पितांबर सुपारी तशीच अडकित्त्यात ठेवून उठला आणि त्यानंतर तिच्याशी बोललाच नाही. सकाळी तो मळ्यात गेला. चुडामण लांबून मागे गेला होता. तो सांगत आला की भाऊ विहिरीपाशी गेला, वाकून आत पाहिलं, काठावर हात फिरवून पाहिला, आणि ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या बघायला निघून गेला. घरात तो प्रमिलामार्फत जेवण मागायचा. चुडामणही वहिनीशी बोलेना. त्याचं म्हणणं, चांगल्या लागलेल्या मोटरला उगाच पाना लावला.

ठरल्या दिवशी जीप दारात आली. पितांबर येणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि विचारण्याची हिंमत चुडामणलाही नव्हती. पितांबर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आला आणि ड्रायव्हरशेजारी बसला. पुष्पाबाईला त्याने ये म्हटलं नाही. ती मागे बसली. उतर असंही म्हटलं नाही. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा गेलं. बोलला तो फक्त ड्रायव्हर, तोही रस्त्याबद्दल.

डॉक्टरांनी या वेळी कागद पितांबरपुढे ठेवला आणि सगळं त्यालाच समजावून सांगितलं. तुम्ही आता नाही म्हणालात तर मी थांबेन, असंही ते म्हणाले. पितांबरने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. घेतल्यावर पुन्हा काही विसरायला होईल का, एवढं विचारलं. डॉक्टर म्हणाले, होईल, मागचे काही दिवस जातील बहुधा. पितांबरने सही केली. घड्याळ काढून चुडामणकडे दिलं, कवळी काढून नर्सच्या वाटीत ठेवली. आत जाताना तो दारातून मागे वळला. दात नसल्याने शब्द जरा सांडत होते, पण पुष्पाबाईला ते स्पष्ट ऐकू आले.

"मी तुह्यावर लय रागात हाये," तो म्हणाला. "इसरलो तं याद देजो."

"देईन," ती म्हणाली.

दार लागलं. दुपारी पितांबर शुद्धीवर आला, खोलीभर नजर फिरवली, आज कोणता वार विचारलं आणि चहा मागितला. पुष्पाबाईने बाहेरच्या टपरीवरून चांगला चहा आणवला. कवळी धुऊन दिली. त्याने अर्धा कप संपवेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने याद दिली.