सृष्टीनं वर केलेला हात

लोहाऱ्याच्या मुलींनी बास्केटबॉलची जिल्हा स्पर्धा जिंकली, तीही एका गुणानं. कप्तान शिवांजलीची उघड्या जीपमधून हलगी लावून मिरवणूक निघाली. शेजारी तिचे वडील हिंमतराव फेटा बांधून उभे होते. चौकात सत्कार झाला आणि कुणीतरी माईक पुढं केला. "समोरची सास्तूरची टीम कशी होती?"

शिवांजली हसली. "पळत्यात बऱ्या. पण मातीत खेळून फायनल निघत न्हाय. शेवटच्या टायमाला टरकल्या, आन् बॉल आमच्या हातात दिला."

माणसं खदाखदा हसली. हिंमतरावांनी तिच्या पाठीवर थाप मारली. खरं काय झालं ते मात्र तिला पक्कं माहीत होतं.

सात सेकंद उरले होते आणि लोहारा एका गुणानं मागं होतं. झटापटीत बॉल रेषेबाहेर गेला. पंचांनी तो सास्तूरला दिला, तेव्हाच सामना संपल्यात जमा होता. पण सास्तूरची कप्तान सृष्टी हात वर करून पुढं आली. "सर, शेवटी माझ्याच बोटाला लागला." पंचांनी निर्णय फिरवला. त्याच बॉलवर शिवांजलीनं बास्केट केली. नंतर सृष्टी हात मिळवायला आली होती. शिवांजलीनं तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पाठ फिरवली.

चौकातला व्हिडिओ तालुकाभर फिरला. भेटेल तो 'टरकल्या' म्हणून दाखवायचा आणि हसायचा. रविवारी हिंमतरावांनी पाहुण्यांना बसवून तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला, तेव्हा शिवांजली प्रॅक्टिसचं नाव सांगून घराबाहेर पडली आणि सास्तूरच्या जीपमध्ये बसली.

शाळेच्या मैदानावर लोखंडी खांबाला रिंग होती. तिथं सहा-सात मुली खेळत होत्या. सृष्टी त्यांच्यात नव्हती. ती लांब भिंतीपाशी एकटीच बॉल आपटत होती.

"तू हितं कशाला आलीस?" तिनं विचारलं.

"चुकलं माझं. मी चौकात खोटं बोलले."

"म्हाईतय मला."

"मग तू कुणाला खरं का सांगितलं न्हाईस?"

सृष्टीनं बॉल हातात धरला. "काय सांगू? निकाल आमच्या बाजूनं होता आन् म्या हात वर केला, हे? ह्या पोरींला ते म्हाईतय, म्हणून तर माझ्याशी बोलत न्हाईत. घरी माझ्या बापाला, आण्णांला, म्हाईत न्हाय. तुझा व्हिडिओ बघून त्यांनी इचारलं, टरकलीस का गं? मी व्हय म्हणले. तेच सोपं पडलं."

माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, एवढंच ठरवून शिवांजली आली होती. आता मान वर करायचीसुद्धा तिला लाज वाटली.

"मी सांगते सगळ्यांला," ती म्हणाली.

"सांग न्हायतर नको सांगू," सृष्टी म्हणाली आणि पुन्हा बॉल आपटायला लागली.

सोमवारी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी शिवांजलीला चार शब्द बोलायला उभं केलं. तिनं मैत्रिणीला मोबाईलवर शूट करायला सांगितलं होतं. "आमी जिंकलो ते सास्तूरच्या सृष्टीच्या खरेपणामुळं," ती म्हणाली, आणि त्या सात सेकंदांत घडलेलं तिनं जसंच्या तसं सांगितलं. "टरकली कुणी न्हाय. खोटं मी बोलले. चाळीस मिनिटं त्या पोरींनी आमाला घाम फोडला, तेबी म्या सांगितलं न्हाय." मागून कुणीतरी दोन-चार टाळ्या वाजवल्या आणि थांबलं. "बरं बरं, झालं," म्हणत मुख्याध्यापकांनी माईक काढून घेतला.

घरी हिंमतराव म्हणाले, "जिंकलेलं स्वतःच्या हातानं मातीत घातलंस." त्यानंतर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

शाळेतला व्हिडिओ तिनं ग्रुपवर टाकला; तो पहिल्यासारखा फिरला नाही. पण शुक्रवारी दुपारी शिवांजलीला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी सास्तूरचा गोरोबा. सृष्टीचा बाप. माझी पोर घाबरली नव्हती, व्हय ना?"

"न्हाय काका. आमच्यातलं कुणी तसं हात वर करून पुढं आलं नसतं. मी तर न्हायच."

मग गोरोबा म्हणाले, "मी तिला लई बोललो गं. आठ दिवस खाली मान घालून ऐकत होती."

शिवांजलीनं विचारलं, "काका, मैत्रिणी बोलत्यात का आता तिच्याशी?"

"दोघी बोलाय लागल्यात. बाकीच्यांचं म्हाईत न्हाय," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.