न काढलेली टाचणी

लोकांना दुसऱ्याच्या पोरांना वळण लावायची भारी हौस. स्वतःच्या घरात ज्यांचं मांजरसुद्धा ऐकत नाही, अशी माणसंही बसमध्ये चढली की परक्या मुलांचे हेडमास्तर होतात. शिंप्याच्या दुकानातल्या फिटिंगवालीला ही हौस अगदी पुरून उरली होती, कारण तिची मुलगी म्हणजे भोंगा होती.

भोंगा हे नाव बापानं ठेवलेलं. आनंद झाला तरी ती किंचाळायची, भूक लागली तरी, मोज्याची शिवण पायाला टोचली तरी. पोटात एक आणि ओठावर एक असा प्रकार नव्हताच. जे काय व्हायचं ते त्याच क्षणी खालच्या मजल्यापर्यंत कळायचं. बाप हसायचा. तो लांबच्या गावी पुलाच्या कामावर वेल्डर होता, सुट्टीला तेवढा घरी यायचा आणि म्हणायचा, ओरडू दे गं, हिला काय होतंय ते विचारावं तरी लागत नाही. त्याचं काय जात होतं म्हणायला? पोरीला घेऊन भाजीच्या रांगेत, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर बसायचं होतं आईला.

आणि त्या बाकांवर लोक असत. आमच्या वेळी एक धपाटा पुरायचा, असं एक बाई हवेत बघून म्हणाली होती. नोकरी करणाऱ्या बायकांची पोरं अशीच, असं दुसरी. एका गृहस्थानं तर तोंडानं चकार शब्द न काढता आपली पिशवी उचलून अशी आपटली आणि जागा बदलली, की चार शिव्या परवडल्या असत्या. फिटिंगवाली प्रत्येक वेळी मान खाली घालून सॉरी म्हणायची. उत्तरं सुचायची ती घरी, भांडी घासताना. तेव्हा मात्र एकेक असं सणसणीत सुचायचं की त्या बाईनं पुन्हा बसमध्ये पाऊल टाकलं नसतं. पण कढईला सुनावून काय उपयोग.

तिचं काम कपड्यांच्या फिटिंगचं. दुकान मास्तरांचं. मास्तर कापड कापायचे, आत दोघं मशीनवर शिवायचे, आणि गिऱ्हाईक अर्धवट शिवलेला कपडा घालून आरशासमोर उभं राहिलं की ही गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून, सैल तिथे चिमटा घ्यायची आणि लांब तिथे दुमडायची. मोठी माणसं उभी राहतात. लहान मुलं राहत नाहीत. त्यांच्यासाठी तिची एक युक्ती होती. कॉलरच्या मागे बोटाचं टोक टेकवायचं आणि सांगायचं, इथे टाचणी लावलीय हं, हललं की टोचेल. टाचणी बिचणी काही नसायची. पण मूल श्वास रोखून उभं राहायचं. काम उरकलं की पुन्हा कॉलरला हात लावायचा आणि म्हणायचं, काढली.

एकदा भरलेल्या बसमध्ये खिडकी उघडेना म्हणून भोंगा सुरू झाला. सगळी बस मागे वळली. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाईंनी आईशी न बोलता थेट पोरीलाच विचारलं, "काय गं, तुझ्या आईनं तुला काहीच शिकवलं नाही का?" पोरगी क्षणभर आईच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग दुप्पट मोठ्यानं रडायला लागली. तेव्हा आईचा हात आपोआप तिच्या कॉलरकडे गेला. "टाचणी लावलीय. हलायचं नाही. आवाजही नाही."

पोरगी गप्प झाली. अगदी मिटल्यासारखी. बस आपापल्या कामाला लागली. फिटिंगवालीला इतका आनंद झाला की तिला त्या आनंदाची लाजही वाटली नाही. उतरल्यावर तिनं काढली म्हटलं आणि पोरीला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला.

मग काय, बाहेर पडायचं म्हटलं की टाचणी लागायचीच. रांगेत, बसमध्ये, बँकेत. घरी आल्यावर काढायची. सुरुवातीला दार बंद झालं रे झालं की पोरगी साठवलेलं सगळं ओरडून घ्यायची. हळूहळू ते कमी झालं. मग घरातही ती हळू बोलायला लागली. सुट्टीला आलेल्या बापानं विचारलं, आमच्या भोंग्याला झालं काय? मोठी होतेय, असं सांगून बायकोनं त्याला वाढायला घेतलं. टाचणीचं तिनं त्याला सांगितलं नाही. तो काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी पोरगी म्हणाली, पोट दुखतंय. म्हणाली म्हणजे नुसती म्हणाली, पाणी हवंय म्हणावं तशी. आईनं कपाळाला हात लावून पाहिला, फार काही वाटलं नाही. आणि तिनं आपल्या जुन्याच मापानं मोजलं, इथेच सगळी चूक झाली. खरंच दुखत असतं तर हिनं घर डोक्यावर घेतलं असतं, असं ती मनात म्हणाली. माप तिनं स्वतःच्या हातानं बदललं होतं आणि मोजताना तेच विसरली. फिटिंग करणाऱ्या बाईनं!

शाळा बुडवून तिनं पोरीला दुकानात नेलं. रजा घेण्याची सोय नव्हती, एका लग्नघरचं अख्खं बिऱ्हाड फिटिंगला येणार होतं. मास्तर माणूस वाईट नव्हे, पण त्यांनी मागेच बजावून ठेवलं होतं की पोरगी आणा, आवाज आणू नका. तिनं पोरीला इस्त्रीच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसवलं आणि कॉलरला बोट लावलं.

लग्नघरच्यांनी दुकान भरून टाकलं. नवरीला कंबर हवी तेवढी बारीक दिसत नव्हती, तिच्या आईला गळा फार मोठा वाटत होता, आणि त्यांच्याबरोबरची दोन पोरं ट्रायल रूमच्या पडद्याला लोंबकळत होती. नवरीची मावशी खुर्चीत बसून सगळ्यांवर देखरेख करत होती. तिचं लक्ष स्टुलाकडे गेलं.

"ही कुणाची हो? केव्हाची बघतेय, हूं नाही की चूं नाही."

"माझी," फिटिंगवाली तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली.

"किती गुणी! बघा रे, शिका काहीतरी. कसं केलंत हो हे?"

जन्मात पहिल्यांदा परक्या माणसानं तिच्या लेकीचं कौतुक केलं होतं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती म्हणाली, "सवय लावली की लागते."

मावशीनं पर्समधून चॉकलेट काढून पोरीच्या हातात दिलं. पोरीनं ते मुठीत धरलं. ती थोडी पुढे वाकून बसली होती, केस कपाळाला चिकटले होते. इस्त्रीजवळ बसलीय, उकडत असेल, असं आईला वाटलं. वाटलं तेही ओझरतंच, कारण नवरीची कंबर अजून जमली नव्हती. एरवी जेवणाच्या सुट्टीत ती टाचणी काढायची, पण त्या दिवशी जेवणाची सुट्टी लग्नघरानं खाल्ली. दुपारचा डबा तसाच परत निघाला. घरी जाताना बसमध्ये एका तरुणानं उठून जागा दिली आणि म्हणाला, शांत आहे हो तुमची मुलगी. ती हसली. तिचे गुडघे ठणकत होते, डोकं रिकामं झालं होतं. दार उघडलं, पिशवी ठेवली, गॅस पेटवला. काढली म्हणायचं राहून गेलं.

स्वयंपाक होत आला तरी आत काही हालचाल नाही म्हणून ती बघायला गेली, तर पोरगी बूट घालूनच पलंगावर गोळा होऊन पडलेली. आईनं बूट काढायला पाय धरला आणि हात मागे घेतला. पाय तव्यासारखा तापला होता.

"अगं, काय होतंय? पोट दुखतंय अजून?"

पोरीनं मान डोलावली.

"मग बोलली का नाहीस दिवसभर? बोल ना."

पोरीचा हात हळूहळू उचलला गेला आणि कॉलरच्या मागे जाऊन थांबला. मुठीतलं चॉकलेट वितळून बोटांना लागलं होतं.

 फिटिंगवालीनं कॉलर चाचपली, काढली म्हणाली, पुन्हा म्हणाली. आता ही किंकाळी फोडेल म्हणून ती वाट बघत राहिली. नुसता श्वास बाहेर आला, तोही पुरता नाही.

खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियननं आपल्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलात पोचवलं. तपासणीची खोली माणसांनी भरलेली होती, भिंतीला लागून बाकांवर कोण कोण बसलेलं. एका तरुण डॉक्टरनं पोरीचं पोट दाबलं. इथे दुखतं? इथे? पोरगी त्याच्या खांद्यावरून बाकांवरच्या माणसांकडे बघत होती. ओठ मिटलेले. डॉक्टर म्हणाला, ताप आहे, पण पोटात तसं काही गंभीर वाटत नाही, असतं तर हिनं हात लावू दिला नसता. शहाणी मुलगी आहे. औषध देतो, सकाळपर्यंत बघू.

आता सॉरी म्हणून मान खाली घालायची वेळ नव्हती, एवढं तिला कळलं.

"तिला दुखतंय," ती म्हणाली. "ती ओरडत नाही कारण मी तिला ओरडू देत नाही. लोक असले की मी तिला ओरडू देत नाही, डॉक्टर."

 बाकांवरची सगळी तोंडं तिच्याकडे वळली. ती लेकीवर ओणवी झाली आणि म्हणाली, ओरड बाळा, मोठ्यानं ओरड, कोणी काही बोलणार नाही. पोरीनं आईकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, आणि ओठ आणखी घट्ट मिटले. डॉक्टरनं मात्र पुन्हा पोट दाबलं आणि या खेपेला तो तिच्या तोंडाकडे बघत नव्हता. पोरीच्या अनवाणी पायांची बोटं आत वळून पांढरी पडली होती. त्यानं आवाज देऊन स्ट्रेचर मागवलं.

अपेंडिक्स दुपारीच कधीतरी फुटलं होतं. पू पोटभर पसरला होता. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर नंतर बाहेर आले, त्यांनी फार रागावून नाही, साध्या आवाजात सांगितलं की सकाळी आणली असती तर छोटं काम होतं, आता जगेल की नाही ते लगेच सांगता येणार नाही. मूल इतकं सहन करतं आणि घरात कोणाला कळत नाही हे कसं, असं त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर नको होतं, ते निघूनही गेले.

बाप कामावरचे कपडे न बदलताच आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. बस, कॉलर, मावशी, सवय लावली की लागते हे स्वतःचं वाक्यसुद्धा. काही हातचं राखलं नाही. तो ओरडला असता, हात उगारला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तो भिंतीला टेकला.

"तिचा आवाज होता म्हणून मी लांब राहू शकत होतो गं," तो म्हणाला. एवढंच. त्यानंतर तो तिच्याशी औषधांपुरतं आणि चहापुरतं बोलायचा.

पोरगी जगली. पोट पुन्हा एकदा उघडावं लागलं, त्यानंतर पुष्कळ दिवस नाकात नळी, हातात सुई. सुई बदलायला आलेल्या नर्स तिचं कौतुक करायच्या. सगळ्या वॉर्डात हिच्यासारखं पेशंट नाही, म्हणायच्या, हात पुढे करते नि बघत राहते. एकीनं दुसऱ्या पोरांना मुद्दाम आणून दाखवलं. प्रत्येक कौतुक आईच्या कानात उकळत्या तेलासारखं जायचं. बाप नवनव्या गोष्टी सांगून, तोंडं वेडीवाकडी करून लेकीला हसवायचा प्रयत्न करायचा. ती हसायची, पण ओठांनी.

एका दुपारी शेजारच्या खाटेवर भाजलेल्या हाताची एक लहानगी आली. भेटायला येणाऱ्यांची वेळ होती, वॉर्ड गजबजलेला. लहानगीनं जो सूर लावला तो थांबेचना. तिची आई बिचारी खुळखुळा वाजवून, उचलून, फुंकर घालून थकली. कोणी ‘च्च’ केलं, कोणी मान वळवून टक लावून पाहिलं. अहो, गप्प करा की तिला, असंही कोणी म्हणालं. त्या आईची मान खाली गेली.

तेव्हा पोरगी कुशीवर वळली. नळी सांभाळत तिनं तोंड खाटेच्या कडेपर्यंत आणलं आणि लहानगीला अगदी हळू, समजावून सांगितलं, "रडू नकोस. दुखलं तरी नाही रडायचं. आपण रडलो की सगळे आईला बोलतात."

शेजारची आई थक्क होऊन म्हणाली, किती समजूतदार आहे हो तुमची मुलगी.

फिटिंगवाली खाटेच्या पायथ्याशी बसली होती. टाचणीला पोरगी कधी भ्यायलीच नव्हती, हे तिला आत्ता कळलं. ती रडायला लागली. तोंडावर हात न धरता, आवाज न दाबता, भर वॉर्डात, सगळ्यांच्या देखत. नवऱ्यानं खांद्यावर हात ठेवला, तिला तो कळलाही नाही. पोरगी घाबरून आईची बाही ओढायला लागली, आई, लोक आहेत, लोक आहेत ना. समोरच्या खाटेपाशी बसलेले एक आजोबा उठून आले.

"अहो बाई, जरा हळू," ते म्हणाले. "इथे आजारी मुलं आहेत. लहान पोरीला समजतं, तुम्हाला समजू नये?"

ती थांबली नाही.