मागची बाजू नसलेली गाडी

रस्त्यावर मी माझ्या लेकीचा, मनूचा, हात नाही, मनगट धरते. हात सुटतो. गिरगावातल्या आमच्या गल्लीतून बाहेर पडलं की रोज तिला एकच गोष्ट घोकवते: उभ्या गाडीच्या पुढून जायचं नाही, मागून जायचं.

रविवारी ऑफिसमधलं आमच्या शटलचं छोटं मॉडेल मी घरी आणलं होतं. ड्रायव्हर नसलेली, आपली आपण चालणारी ही गाडी परळच्या एका हॉस्पिटलच्या आवारात, गेटपासून ओपीडीपर्यंत पेशंटची ने-आण करणार आहे. तिचं बाहेरचं अंग मी कॉम्प्युटरवर घडवलं, चांगले आठ महिने. आवारात वळायला जागा नाही, म्हणून ती न वळताच परत येते. त्यामुळे दोन्ही टोकं अगदी सारखी.

मनूने बाहुली गाडीजवळ उभी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, हिची मागची बाजू कुठली?"

मी मॉडेल उचलून दोन्ही टोकांनी फिरवून पाहिलं.

"सांग ना! बाहुलीला पलीकडे इंजेक्शनला न्यायचंय."

सोमवारी दुपारी डिझाइन कायम करायचं होतं. मी रिलीजचं बटण दाबलं की फायली साचे करणाऱ्यांकडे जाणार, मग बदल नाही. सकाळी लवकर जाऊन मी थोडं काम केलं आणि आमचा स्टुडिओचा प्रमुख कॉनरॅड आल्या आल्या त्याला सांगितलं, "मी रिलीज करणार नाही."

"काय गं, घरी भांडण झालं काय?"

"गाडीला मागची बाजू नाहीये."

"अगं तीच तर ब्युटी आहे! एकच साचा, दोन्ही टोकांना चालतो. क्लायंट त्याच्यावरच फिदा आहे."

"मग पोरांना काय सांगायचं? कुठून जा म्हणून?"

"सेन्सर आहेत ना, बाय! कुणी आडवं आलं की थांबते. तुमच्या गिरगावच्या टॅक्सीवाल्यांपेक्षा शहाणी आहे ती."

"इथे बस," मी माझी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

स्क्रीनवर हॉस्पिटलचं आवार होतं. कॅमेरा मी मनूच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून ठेवला होता. मधोमध आमची शटल, स्थिर.

"ओपीडी पलीकडे आहे. मागून जा."

तो हसला. मग पुढे वाकून बघत राहिला. "दारावरून कळेल..."

"दारं दोन्ही अंगांना आहेत."

"डावीकडून," तो म्हणाला. आठ महिने रोज ही गाडी पाहणारा माणूस.

मी स्क्रीनवरचा कॅमेरा डावीकडच्या टोकासमोर नेला आणि गाडी सुरू केली. ती त्याच्याच दिशेने निघाली. पांढरं अंग मोठं होत होत सगळी स्क्रीन भरून गेली आणि वीतभर अंतरावर गाडी थांबली. अगदी कबूल केल्याप्रमाणे.

"थांबली ना!" कॉनरॅड म्हणाला.

"थांबली. तू का मागे सरकलास?"

त्याची खुर्ची टेबलापासून हातभर लांब गेली होती. त्याने खाली पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली.

"तुला पाहिजे तरी काय?"

"दोन्ही टोकांवर रुंद दिव्याचा पट्टा. ज्या बाजूला निघणार तिथे पांढरा, मागे लाल. निघायच्या आधीच पेटलेला. आणि तो आत खोल खाचेत बसवायचा. वरून सावली पडली तरच उन्हात दिसेल."

"म्हणजे सरफेस कापायचा."

"हो. साचा एकच राहील."

"मीनाक्षी, त्या सरफेसवर एक सुरकुती दिसली म्हणून तू मागे माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस."

"म्हणूनच दुसऱ्या कुणाला देणार नाही. मीच कापते."

"क्लायंट बोंब मारेल."

"त्यांना पण इथे आणून बसव. याच खुर्चीत."

त्याने कपाळ चोळलं. मग त्याने फोन उचलला आणि क्लायंटला सांगितलं, रिलीज आज होत नाही, शुक्रवारी स्टुडिओत या. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. कॉनरॅडने फोन कानापासून थोडा लांब धरला, पण शब्द मागे घेतला नाही.

मी फाइल उघडली. अंग नितळ आहे की नाही हे तपासायला आम्ही स्क्रीनवर त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रतिबिंब पाडतो. कुठे घडी असली की पट्टा मोडतो. माझे पट्टे एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड वाहत होते. हॉस्पिटलात येणाऱ्या किती बायांच्या एका हातात फाइल असेल, दुसऱ्या हातात पोराचा हात.

"मला बघवत नाही," म्हणत कॉनरॅड चहा आणायला गेला.

मी खाचेची रेघ ओढली आणि कापलं. सगळे पट्टे तिथे तुटले.